पागेची लढाई आणि चुकलेला महिना

कोल्हापूरच्या छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांच्या कराचीच्या प्रवासावर लिहिण्याचा शब्द दिला होता. तो एक आठवडा लांबणीवर पडतो आहे. त्याला कारण कसबा बावड्याच्या लाइन बाजारातून आलेले पत्र. वाचकाने विचारले आहे, ‘कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ च्या रात्री बंड केले म्हणता, मग ते मोडणाऱ्या लेफ्टनंट केरच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीत १० जुलै ही तारीख कशी?’

प्रश्न बिनतोड आहे. बंडच ३१ जुलैचे, तेव्हा ते मोडणे त्याआधी तीन आठवडे कसे होईल? महिना चुकला आहे. तारीख १० ऑगस्टचीच असणार. गंमत नव्हे, खंत अशी की एप्रिल १८५८ मध्ये लंडनच्या सरकारी गॅझेटात छापलेली ही चूक आजही जशीच्या तशी उतरवली जाते.

केर साताऱ्याहून निघाला तो भर पावसात, सुमारे ५० स्वार घेऊन. वाटेत नद्या दुथडी भरलेल्या. शहराजवळच्या पागेत बंडवाले शिपाई दारे लावून बसले होते. तोफा जवळ नव्हत्या. केरने १७ स्वार पायउतार करून पुढे घातले आणि पहारींनी दरवाजा फोडला. त्या १७ जणांपैकी आठ जागीच पडले, चार नंतर जखमांनी गेले. केरच्या खांद्याला खांदा लावून लढले ते गणपतराव देवकर. गॅझेटात मात्र ‘काही पायउतार स्वार’ एवढाच उल्लेख. देवकरांचे नाव नाही. हिंदी शिपायाला हा क्रॉस मिळण्याची सोयच १९११ पर्यंत नव्हती.

मग इथल्या छापखान्यांनी हे का नाही मांडले? पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होता. पण १३ जून १८५७ रोजी, म्हणजे कोल्हापूरच्या बंडाआधी दीड महिना, गव्हर्नर जनरल कॅनिंगने छापखान्यांचा कायदा आणला. परवान्याशिवाय छापखाना चालवायचा नाही. इंग्रजी असो वा देशी, सगळ्यांना तोच नियम. सरकारच्या हेतूंवर शंका घ्यायची नाही, असंतोष वाढेल असे लिहायचे नाही आणि संस्थानिकांचा सरकारशी असलेला स्नेह ढळेल असेही काही छापायचे नाही. हे शेवटचे कलम कोल्हापूरला नेमके लागू पडते. छत्रपतींच्या भावावर, म्हणजे चिमासाहेबांवरच, इंग्रजांचा संशय होता. त्याबद्दल मोकळेपणाने लिहिणे म्हणजे छापखान्याला टाळे लावून घेणे. कायद्याची मुदत एका वर्षाची होती, पण कोल्हापूरची धामधूम नेमकी त्याच वर्षातली.

झाशीचे नशीब त्या मानाने थोर. वरसईचे विष्णुभट गोडसे भिक्षुकीसाठी उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. ना ते कुणाचे बातमीदार, ना कुणाचे चाकर. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सारे लिहून काढले आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून निघाले. हल्ल्याच्या वेळी लोक कुठे लपले, पाण्याचे काय हाल झाले, हे सरकारी खलित्यात नसलेले सारे त्यात आहे.

पागेच्या आतल्या बाजूने लिहिलेले असे काही हवे आहे. बावडा, वडणगे, शिये या भागात कुणाच्या घरी १८५७-५८ ची मोडी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या किंवा देवकर घराण्याचे कागद असतील, तर त्यांचे फोटो जरूर पाठवावेत. कागद फाटका असला तरी चालेल. फक्त तो चिकटपट्टीने जोडू नये.

चिमासाहेब पुढच्या आठवड्यात.