संस्थेची अब्रू की लेकराची सुरक्षा?

गावात हायस्कूल नाही म्हणून आपण पोटाला चिमटा घेऊन लेकरू वसतिगृहात ठेवतो. सुट्टीत आलेले लेकरू "परत जाणार नाही" म्हणून रडले, तर रागावू नका. जवळ बसवून कारण विचारा. रात्री मुलांजवळ कोण असते, तेही विचारा.

लैंगिक अत्याचार झाल्यास 'संस्थेची बदनामी नको' म्हणून प्रकरण दडपू नका. ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडविला, तर एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा मोफत फोन क्रमांक लेकराकडून पाठ करून घ्या. तक्रार वेळेवर नोंदविणाऱ्या संस्थेवरच पालकांचा विश्वास बसेल.