फीच्या आकड्यावरून कॉलेज पारखू नका

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपेपर्यंत घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “सत्तर हजार फी? मग ते कॉलेज काही खरं नाही.” हे सांगणारे काका त्या कॉलेजच्या फाटकापर्यंतही गेलेले नसतात. त्यांच्या लेखी दीड लाखाचं कॉलेज सत्तर हजारांच्या कॉलेजपेक्षा दुपटीनं चांगलं, आणि पुण्यातलं कुठलंही कॉलेज तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही कॉलेजपेक्षा सरस. साडीच्या दुकानात हा हिशेब एक वेळ चालेल. इंजिनिअरिंगच्या खासगी कॉलेजात चालत नाही, कारण तिथली किंमत दुकानदार आपल्या मर्जीनं लावत नाही.

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. कॉलेजनं आपले हिशेब सादर करायचे: पगार, वीज, दुरुस्ती, प्रयोगशाळेचं साहित्य, घसारा. त्यातला अमान्य खर्च वगळायचा, उरलेल्या खर्चाला विद्यार्थिसंख्येनं भागायचं आणि विकासासाठी थोडी भर घालायची. ढोबळमानानं फी अशी निघते. सर्वोच्च न्यायालयानं इनामदार खटल्याच्या निकालात २००५ मध्येच स्पष्ट केलं होतं, की शिक्षणसंस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही आणि कॅपिटेशन फी घेता येणार नाही. या सगळ्या हिशेबात एक रकाना नाही: वर्गात कसं शिकवलं जातं? तो नसल्यामुळे फीच्या आकड्यावरून कॉलेजच्या जमाखर्चाचा अंदाज येतो, शिकवण्याचा येत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मीही काकांसारखाच एका आकड्यावर निकाल देऊन मोकळा होईन. फी कमी असण्याची कारणं चांगली असतात तशी वाईटही असतात, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

चांगली कारणं आधी. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या पहिल्या लाटेतल्या कॉलेजांच्या इमारती केव्हाच उभ्या राहिल्या. जमीन तेव्हाच्या भावानं मिळालेली, डोक्यावर मोठं कर्ज नाही. गाव लहान असेल तर सगळाच खर्च बेतानं होतो. जागा भरलेल्या असतील तर तोच खर्च जास्त डोक्यांत वाटला जातो. काही संस्था फीवाढ मागतच नाहीत. आधीच्या वर्षाचीच फी पुढे चालू ठेवण्याचा पर्याय त्यांना असतो. अशा कॉलेजात साठ-सत्तर हजारांत नीट शिक्षण मिळू शकतं.

आता वाईट कारणं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचा. वेतन आयोगाप्रमाणे पूर्ण पगार देणाऱ्या कॉलेजचा खर्च जास्त, म्हणून फीही जास्त मंजूर होते. याच्या उलट, निम्म्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसं आणली, गेल्या वर्षी बीई झालेल्या मुलालाच दुसऱ्या वर्षाच्या वर्गासमोर उभं केलं, तर खर्च आपोआप उतरतो आणि फीही उतरते. म्हणजे काकांचा संशय अगदीच निराधार नाही. चूक एवढीच की ते फीच्या आकड्याशी थांबतात. फी कमी का आहे, हे ते विचारत नाहीत.

आणखी एक भानगड आहे. कमी फीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर आलेली मुलं बरेचदा बहुसंख्य असतात. त्यांच्या फीचा सरकारी हिस्सा महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्फत येतो आणि तो वेळेवर आला तर ती बातमी व्हावी, अशी परिस्थिती आहे. ज्या संस्थेच्या गाठीला पैसा आहे ती पदरमोड करते. जिच्याकडे नाही, तिथे पगार तीन-चार महिने लांबतात आणि चांगले शिक्षक सत्राच्या मध्येच दुसरीकडे जातात. पाचव्या सत्रात एकाच विषयाला तीन शिक्षक बदलले, ही तक्रार मुलं करतात ती बहुतेक वेळा याचाच परिणाम असते. स्वस्त कॉलेजचा खरा तोटा हा आहे. माहितीपत्रकात तो दिसणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठलं तर दहा मिनिटांत कळेल.

मग पारखायचं कशावरून? एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर अनिवार्य माहिती जाहीर करावी लागते: मंजूर जागा, फी, शिक्षकांची नावं, पात्रता. तिथून यादी काढा आणि साधा भागाकार करा. नियम वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. साठ जागांची एक ब्रँच, चार वर्षं, म्हणजे २४० मुलं, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित-फिजिक्स शिकवणारे धरून बारा शिक्षक. यादीत सात नावं असतील तर उत्तर मिळालं. बारा असतील तर ती नावं घेऊन कॉलेजात जा आणि विभागाच्या दारावरचं वेळापत्रक बघा. यादीतली किती नावं वेळापत्रकात आहेत, ते मोजा. कागदावरचे प्राध्यापक आणि वर्गातले प्राध्यापक यांच्यातलं अंतर तिथे उघडं पडतं.

प्रयोगशाळेतही तसंच. उद्घाटनाची फीत कापल्याचा फोटो बघू नका. टेबलाजवळची नोंदवही बघा. यंत्र शेवटचं कधी चाललं, कुणी वापरलं, कधी दुरुस्त झालं, हे तिच्यात असतं. नोंदवहीची पानं कोरी आणि लेथवर प्लास्टिकचं आवरण घट्ट बांधलेलं असेल, तर तिथे प्रयोग मुलांच्या जर्नलमध्येच होतात, तेही मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवून.

प्लेसमेंटचा फलक हा तर वेगळाच करमणुकीचा विषय आहे. कॉलेज स्वस्त असो की महाग, फाटकावर एकाच मुलाचा हसरा फोटो आणि खाली पॅकेजचा गलेलठ्ठ आकडा. एका मुलाला काय मिळालं याच्याशी तुमच्या मुलाचा काय संबंध? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं जी माहिती भरतात ती त्यांना संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात वेळेत पदवीधर झालेली मुलं, नोकरी लागलेली मुलं, उच्च शिक्षणाला गेलेली मुलं आणि पगाराचा मध्यक असे रकाने असतात. समजा, १८० पदवीधर, ६० जणांना नोकरी आणि मध्यक तीन लाख. मग फलकावरच्या बारा लाखांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. क्रमवारीत कॉलेज कुठेच नसलं तरी चालेल, त्यानं भरलेल्या या माहितीची फाइल वाचा.

मात्र लहान गावातल्या कॉलेजात मोठ्या कंपन्या कमी येतात, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिथल्या मुलांना बरेचदा पूल कॅम्पससाठी, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीसाठी, दुसऱ्या शहरात जावं लागतं. पण गाव लहान म्हणून कॉलेजही लहान, हे खरं नाही. शेगावचं संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज आणि इस्लामपूरजवळच्या साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, दोन्ही १९८३ ची. त्यांना ‘खेड्यातलं कॉलेज’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी त्यांचे कटऑफ बघावेत.

पैशाचा हिशेबही बहुतेक घरांत चुकीचा होतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्याची निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. समजा, घराजवळच्या कॉलेजची शिकवणी फी ८० हजार आहे आणि पुण्यातल्या कॉलेजची १ लाख ६० हजार. शिष्यवृत्तीनंतर एकीकडे ४० हजार, दुसरीकडे ८० हजार. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च वर्षाला एक लाख धरा, घराजवळ बसपासचे वीस हजार. चार वर्षांत एकीकडे २ लाख ४० हजार, दुसरीकडे ७ लाख २० हजार. फरक पावणेपाच लाखांच्या वर, आणि त्यातला फीचा फरक फक्त १ लाख ६० हजार. बाकीचा सगळा खोली आणि मेसचा. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर त्यावर व्याज वेगळं.

मुलींच्या बाबतीत तर हिशेबच पालटतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अशा मुलीला सत्तर हजारांचं कॉलेज आणि दीड लाखाचं कॉलेज शिकवणी फीपुरतं सारखंच पडतं. तरीही “मुलगी आहे, जवळच्या स्वस्तातल्या कॉलेजात घालू” असं म्हणणारे पालक भेटतात. शिकवणी फी भरायचीच नाही, तर ‘स्वस्तातलं’ कशाला शोधायचं? तिच्यासाठी चांगलं कॉलेज निवडा, खर्च बघायचा तो वसतिगृहाचा बघा.

या सवलतींना दोन अटी आहेत आणि दोन्हींपायी दरवर्षी लोक फसतात. प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो; संस्थास्तरावरच्या जागेवर गेलात की शिष्यवृत्तीवर पाणी सोडायचं. आणि ते कॉलेजच असावं लागतं, खासगी विद्यापीठ चालत नाही. स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठांना या योजना लागू नाहीत. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ऐकून हुरळण्याआधी एवढं तपासा.

बाकीचे समज थोडक्यात.

“ऑटोनॉमस आहे, म्हणजे स्वतःची डिग्री देतं.” नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या, पदवी विद्यापीठाचीच. आणि जे कॉलेज ऑटोनॉमस नाही, त्याच्या मुलांचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका त्याच विद्यापीठाच्या महागड्या, पण ऑटोनॉमस नसलेल्या कॉलेजातल्या मुलांसारख्याच असतात.

“एआयसीटीईची मान्यता आहे, म्हणजे दर्जेदार.” ती दुकान उघडायची परवानगी आहे, मालाची हमी नाही.

“नॅकची ए ग्रेड आहे.” नॅक अख्ख्या संस्थेला गुण देतं. तुमच्या ब्रँचचं मूल्यांकन एनबीए करतं, तेव्हा तेच विचारा, आणि त्याची मुदत संपली नाही ना तेही. बाकी फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांनाच सीबीआयनं लाचेच्या आरोपावरून अटक केली होती, हेही लक्षात असू द्या.

“कॉम्प्युटरच घ्या, कॉलेज कुठलंही असो.” २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कामगिरीच्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा काढली. मागणी असलेल्या ब्रँचमध्ये जागा पटापट वाढल्या, शिक्षक तेवढ्या वेगानं वाढत नाहीत. वर सांगितलेला भागाकार कॉम्प्युटरच्या ब्रँचला सर्वांत आधी लावा.

“टीएफडब्ल्यूएस म्हणजे सगळं फुकट.” टीएफडब्ल्यूएस ही शिकवणी फी माफीची योजना आहे; माफ होते फक्त तेवढीच फी. या जागा मंजूर जागांच्या पाच टक्के, वाढीव असतात, आणि त्यांचा कटऑफ बहुधा खुल्या जागांपेक्षा वर जातो.

“लहान कॉलेजातून पुढचे रस्ते बंद.” एमटेकच्या प्रवेशासाठी द्यायच्या गेट परीक्षेच्या अर्जात कॉलेजचं नाव लिहावं लागतं, त्याला गुण नसतात.

“थोडं डोनेशन द्यावंच लागतं.” १९८७ पासून राज्यात कॅपिटेशन फीला कायद्यानं बंदी आहे. प्राधिकरणानं मंजूर केलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळते. त्यापेक्षा जास्त मागितलं तर पावती मागा, आणि पावती द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

“एकदा प्रवेश घेतला की कागदपत्रं कॉलेजात अडकली.” मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून फी परत मिळते.

कॅपचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, पहिल्या चार-पाच पसंतीच्या कॉलेजांत स्वतः जाऊन या. मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या, काकांना घरी ठेवा. फॉर्म एकदा पक्का केला की त्या फेरीपुरता क्रम बदलता येत नाही, आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप पक्की होते. तेव्हा एक नंबरवर जे नाव लिहाल, ते निदान डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या.