अडथळ्यांच्या शर्यतीत भरवसा कोणावर?



शंकरपटाच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे राहिले की एकच प्रश्न कानी येतो : “यंदा जोडी कोणाची?” जो तो आपल्या परीने उत्तर देतो. कोणी बैलाचे खूर पाहतो, कोणी छाती पाहतो, कोणी नुसते मालकाचे नाव ऐकून मान डोलावतो. असाच प्रश्न इंग्लंडात दर वर्षी एप्रिल महिन्यात लाखो माणसे एकमेकांना विचारतात. तिथे तो बैलजोडीचा नसतो, घोड्याचा असतो. लिव्हरपूल शहराजवळ ‘ग्रँड नॅशनल’ नावाची मोठी शर्यत होते. तिला स्टीपलचेस म्हणतात.

तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापारच्या घोड्यांशी बीडकरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. तो पुढे येईलच. आधी शर्यत समजून घेऊ.

‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. इ. स. 1752 मध्ये आयर्लंडात दोन घोडेस्वारांनी एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत शर्यत लावली, अशी हकीकत सांगतात. मनोरा लांबून दिसायचा, त्याच्या रोखाने घोडा पिटाळायचा. वाटेत कुंपण आले, चर आला, ओढा आला, तर उडी मारून पार व्हायचे. त्यातूनच अडथळ्यांची घोडशर्यत निघाली. ग्रँड नॅशनलमध्ये घोड्यांना सुमारे 7 किलोमीटर धावावे लागते आणि 30 उड्या माराव्या लागतात.

आता यात जिंकणारा घोडा ओळखायचा कसा? जाणकार माणूस चार गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट दम. अर्धा मैल वाऱ्यासारखा पळणारा घोडा इथे कामाचा नाही. लांबच्या पल्ल्यावर शेवटच्या टप्प्यात पाय उचलतो तो खरा.

दुसरी गोष्ट उडी. उडी किती उंच मारली याला फारसे महत्त्व नाही. उतरल्यावर घोडा लगेच सावरतो की अडखळतो, ते पाहायचे. दर उडीला थोडा थोडा वेळ गेला, तरी 30 उड्यांत तो किती होतो, याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा.

तिसरी गोष्ट वजन. या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा. 1973 साली क्रिस्प नावाचा घोडा शेवटच्या उडीपर्यंत कितीतरी पुढे होता. त्याच्या पाठीवर सुमारे 76 किलो वजन होते. मागून येणाऱ्या रेड रमच्या पाठीवर त्याहून सुमारे 10 किलो कमी. शेवटच्या सरळ पट्टीत क्रिस्प थकला आणि एका घोड्याच्या लांबीपेक्षाही कमी अंतराने हरला. पण पुढच्याच वर्षी तेवढेच 76 किलो रेड रमच्या पाठीवर आले आणि तरीही तोच जिंकला! 1977 साली तो तिसऱ्यांदा जिंकला. तेव्हा कोण किती पळाला एवढेच पाहून भागत नाही. काय ओझे घेऊन पळाला, तेही पाहावे लागते.

चौथी गोष्ट आधीच्या शर्यती. इथे नुसता नंबर पाहून फसगत होते. शर्यत संथ होती की वेगाची, जमीन ओली होती की कोरडी, हे पाहिल्याशिवाय नंबराला अर्थ नाही.

हे चारही जमले, तरी पाचवी गोष्ट हाती राहत नाही, ती म्हणजे दैव. 1967 साली 44 घोडे धावले. एका कुंपणापाशी पुढचे घोडे एकमेकांवर आदळले, स्वार खाली आले, वाट बंद झाली. फॉइनेव्हन नावाचा घोडा बराच मागे होता. मागे होता म्हणूनच त्याच्या स्वाराला सावरायला वेळ मिळाला. त्याने मोकळी जागा पाहून उडी मारली आणि तो जिंकला. त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता. त्याला शिकवणारा माणूसही त्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर गेला होता!

म्हणून पैसे लावण्याच्या भानगडीत पडू नये. साधा हिशेब पाहा. शंभर माणसांनी दहा-दहा रुपये लावले, हजार झाले. चालवणाऱ्याने दोनशे काढून घेतले, तर वाटायला आठशेच उरले. तेच आठशे पुन्हा लावले की सहाशे चाळीस. असे पाच वेळा झाले की हजाराचे सुमारे 328 उरतात. एखादा जिंकला तरी सगळ्यांचा मिळून तोटाच. ऊसतोडीची उचल असो की कापसाची पट्टी, घामाचा पैसा या घसरगुंडीवर ठेवू नये.

मग ही पारख शिकून उपयोग काय? उपयोग माणसांसाठी आहे. घोड्यांच्या या शर्यतीवरूनच माणसांची स्टीपलचेस निघाली. 3000 मीटरची धाव, 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. पुरुषांसाठी अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच असतो, आणि तो धक्का लागला तरी पडत नाही. पडतो तो धावणारा.

या शर्यतीत भारताचे नाव जगात नेले ते आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे याने. शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटर लांब. तिथवर चालत, पळत जायचे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची थंडी पाहिली, राजस्थानचे वाळवंट पाहिले. शर्यतीत धावू लागला तो 2015 च्या सुमारास, विशी ओलांडल्यावर. 2018 मध्ये त्याने 37 वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ 8 मिनिटे 29.80 सेकंद. 2024 मध्ये त्याची वेळ 8 मिनिटे 9.91 सेकंदांवर आली. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी!

आता आपली पारख त्याला लावून पाहा. जुलै 2022 मध्ये जागतिक स्पर्धेत तो अकरावा आला. नुसता नंबर पाहणारा म्हणेल, “झालं, याच्यात काही राहिलं नाही.” पण ती शर्यत संथ होती, जिंकणाऱ्यालाही 8 मिनिटे 25 सेकंद लागले होते. आणि जूनमध्ये अविनाश 8 मिनिटे 12.48 सेकंदांत धावला होता. हे ज्याने ताडले, त्याला पुढचे नवल वाटले नसेल. तीन आठवड्यांच्या आत, 6 ऑगस्टला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला पदक मिळाले ते 1994 नंतर प्रथमच. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. या शर्यतीत असे करणारा तो पहिला भारतीय पुरुष.

गुरुजनहो, आता तुमच्याशी दोन शब्द. शाळेत आपण शंभर मीटरची शर्यत लावतो, पहिले तिघे निवडतो आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवतो. त्या बसलेल्यांत लांबच्या पल्ल्याचा एखादा असला, तर तो आपल्याला कधी दिसणारच नाही. म्हणून मोठ्या मुलामुलींची एखादी सहाशे-आठशे मीटरची धावही ठेवा. शेवटच्या फेरीत कोणाचा पाय जड होत नाही, ते पाहा. मऊ जमिनीवर हलक्या, धक्का लागताच पडणाऱ्या काठ्या मांडा आणि उतरताना कोण सावरतो, ते पाहा. दर महिन्याला वेळ वहीत लिहा. नंबर लिहू नका. पाचवा येणारा पोर महिन्यागणिक वेळ कमी करत असेल, तर त्याच्यावर नजर ठेवा. आणि वजनाचे विसरू नका : कोण उपाशी येते, कोण पहाटे पाणी भरून येते, कोणाचे आईबाप कारखान्यावर तोडीला गेले आहेत. तेवढे ओझे पाठीवर घेऊन जे मूल पाचवे येते, ते खरोखर पाचवे आहे काय?

घोड्यावर लावलेल्या पैशाने घोडा तसूभरही जोरात पळत नाही. पण मुलाच्या पाठीशी कोणी उभे राहिले, त्याला जोडा दिला, वेळेवर भाकरी दिली, पडल्यावर “ऊठ बाळा” म्हटले, तर ते मूल खरोखरच जोरात पळते. भरवसा ठेवायचा तर असा ठेवावा.