थ्रॉटल स्थिती संवेदक व भाग बदलल्यानंतरचे दोषनिदान

थ्रॉटल स्थिती संवेदक : पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात हवेच्या मार्गातील थ्रॉटल झडप किती उघडली आहे, हे विद्युत् संकेताच्या रूपाने इलेक्ट्रॉनीय नियंत्रकास कळविणाऱ्या उपकरणास थ्रॉटल स्थिती संवेदक म्हणतात. थ्रॉटल बॉडी, इनटेक मॅनिफोल्ड, तारांचा जुडगा किंवा संपूर्ण एंजिन बदलल्यानंतर या संवेदकाविषयीच्या तक्रारी वारंवार उद्‌भवतात. अशा वेळी बहुधा नवा संवेदक बसविला जातो. परंतु पुष्कळदा खर्च होऊनही तक्रार कायम राहते. नियंत्रकाला झडप प्रत्यक्ष दिसत नाही. तो केवळ विद्युत् दाब वाचतो आणि त्याची तुलना स्मृतीतील मूल्यांशी व इतर संवेदकांच्या संकेतांशी करतो. भाग बदलताना यांतील कोणताही दुवा बिघडला, तरी दोष संवेदकाच्याच नावावर नोंदला जातो. म्हणून संवेदक बदलण्यापूर्वी मापन करणे, हे या दोषनिदानाचे मूलसूत्र होय.

पूर्वेतिहास : कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या प्रवाहामुळेच इंधन ओढले जात असल्याने झडपेची स्थिती वेगळी कळविण्याची गरज नव्हती. इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाबरोबर ती निर्माण झाली. १९६७ मध्ये फोक्सव्हॅगन १६०० या मोटारगाडीत वापरात आलेल्या बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीत झडपेच्या अक्षाला स्विच जोडलेला होता. पुढे सलग संकेत देणारे विभवमापक प्रचारात आले. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर दुचाकींतही इंधन अंतःक्षेपणाचा प्रसार झाला व हा संवेदक लहान वाहनांतही आढळू लागला.

रचना व कार्य : सामान्य संवेदकाला तीन तारा असतात. एकीतून नियंत्रक ५ व्होल्टचा स्थिर संदर्भ दाब पुरवितो, दुसरी संवेदकाची भूसंयोजन तार असते आणि तिसरी संकेत परत नेते. आत कार्बनयुक्त रोधक पट्टी असून झडपेच्या अक्षाबरोबर फिरणारी सरकती पत्ती तिच्यावरून घासत जाते. झडप बंद असताना संकेत सामान्यतः ०·५ ते १ व्होल्ट आणि पूर्ण उघडी असताना ४ व्होल्टांहून अधिक असतो. दोन्ही टोकांना मुद्दाम अंतर राखलेले असते. त्यामुळे संकेत शून्यावर किंवा ५ व्होल्टांवर गेला, तर तार तुटली आहे अथवा दुसऱ्या तारेला टेकली आहे, असे नियंत्रकास ओळखता येते. नव्या प्रकारांत घासणाऱ्या पत्तीऐवजी चुंबकीय क्षेत्रावर चालणारी स्पर्शविरहित रचना असते.

या संकेतावरून मंद गतीचे नियमन, वेग वाढविताना द्यावयाचे जादा इंधन, उतारावर इंधन तोडणे आणि स्वयंचलित गिअर बदलण्याची वेळ ठरते. एंजिन सुरू करताना झडप जवळजवळ पूर्ण उघडी असल्याचा संकेत मिळाल्यास अनेक प्रणाली इंधन थांबवितात. पेट्रोलने ओले झालेले सिलिंडर कोरडे करण्याची ती सोय असते. परिणामी संकेत खोटा असला, तर सर्व भाग ठीक असूनही एंजिन सुरूच होत नाही.

भाग बदलल्यावर उद्‌भवणारे दोष : पहिला वर्ग यांत्रिक दोषांचा. झडपेच्या अक्षाचे टोक संवेदकाच्या खाचेत नीट न बसणे, उलट दिशेने फिरणारा संवेदक बसविणे, ॲक्सिलरेटरची तार अति ताणलेली राहिल्याने झडप पूर्ण न मिटणे, ही त्याची उदाहरणे होत. दुसरा वर्ग तारांच्या अदलाबदलीचा. संदर्भ दाब व भूसंयोजन यांच्या तारा आपसांत बदलल्या, तर झडप उघडताना संकेत वाढण्याऐवजी घटतो. संदर्भ दाब व संकेत यांच्या तारा बदलल्यास झडप बंद असताना ५ व्होल्टचा पुरवठा अत्यल्प रोधातून भूसंयोजनाला जोडला जातो. मग त्याच पुरवठ्यावरील इतर संवेदकही एकाच वेळी निकामी भासतात. एकदम तीन-चार संवेदकांची तक्रार दिसली, तर ते सर्व एकाच दिवशी बिघडले असे न मानता सामाईक पुरवठा तपासावा. तिसरा वर्ग भूसंयोजनाचा. एंजिन पुन्हा बसविताना सांगाड्याला जोडणारी पट्टी राहून गेली, तर जड प्रवाह लहान तारांतून परतू लागतो व संकेताची पातळीच सरकते. चौथ्या वर्गात संवेदक निर्दोष असतो. नव्या सांध्याच्या गॅस्केटमधून हवा आत शिरते, मंद गती वाढते आणि दोष मात्र संवेदकाला दिला जातो.

एक उदाहरण : फोर्ड मस्टँग मोटारगाडीच्या १९८६ ते १९९३ या काळातील ५ लिटर एंजिनावर मूळ थ्रॉटल बॉडीऐवजी ६५ किंवा ७० मिमी. व्यासाची थ्रॉटल बॉडी बसविण्याची पद्धत अमेरिकेतील हौशी मंडळींत रूढ झाली. त्यानंतर मंद गती अस्थिर झाली, की संवेदक नेमक्या ठराविक व्होल्टवर, बहुधा एका व्होल्टच्या किंचित खाली, आणण्यासाठी त्याच्या स्क्रूंची भोके कानशीने लांबविली जात. वस्तुतः या गाडीचा नियंत्रक चावी फिरविल्यानंतर आढळलेले सर्वांत कमी मूल्य हेच बंद झडपेचे मूल्य धरतो. त्यामुळे मूल्य मर्यादेत व स्थिर असले, म्हणजे पुरे होते. शेकडाव्या हिश्श्यापर्यंत अचूकता साधून काही लाभ नसे. मर्यादेबाहेरच्या मूल्यासाठी या नियंत्रकाचा दोषसंकेतांक २३ होता. खरे कारण अनेकदा झडपेच्या थांब्याचा स्क्रू फिरविला जाणे किंवा हवेची गळती हे असे.

तपासणीचा क्रम : (१) प्रथम दोषसंकेतांक लिहून घ्यावेत व मगच पुसावेत. अमेरिकेत १९९६ पासून सर्व हलक्या मोटारगाड्यांना लागू झालेल्या प्रमाणित पद्धतीत पी ०१२२ म्हणजे संकेत फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त आणि पी ०१२१ म्हणजे संकेत मर्यादेत असूनही इतर मापनांशी विसंगत. पहिले दोन तारांकडे, तर तिसरा यांत्रिक जोडणीकडे किंवा हवेच्या गळतीकडे लक्ष वेधतो. मात्र भाग बदला असे तो कधीच सांगत नाही. (२) एंजिन बंद व चावी चालू ठेवून झडप हाताने पूर्ण मिटते का ते पाहावे. इलेक्ट्रॉनीय थ्रॉटल असल्यास येथे बोट घालू नये. मोटर झडप अचानक बंद करून इजा करू शकते. (३) संवेदकाचा जोड काढून तारांच्या बाजूस संदर्भ दाब मोजावा. तो सुमारे ५ व्होल्ट असला पाहिजे. (४) जोड पुन्हा बसवून, एंजिन व दिवे चालू ठेवून, संवेदकाची भूसंयोजन तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो ०·१ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास भूसंयोजन सुधारावे. (५) एंजिन बंद करून व चावी चालू ठेवून झडप सावकाश उघडत संकेत पाहावा. तो अखंड वाढला पाहिजे. मध्येच क्षणभर दाब कोसळणे हे झिजलेल्या पट्टीचे लक्षण होय. आकडे दाखविणाऱ्या मापकापेक्षा काट्याच्या मापकात किंवा दोलनदर्शकात ते सहज दिसते. (६) या सर्व कसोट्या उतरल्यावरच हवेची गळती शोधावी. संवेदक बदलण्याचा निर्णय पाचव्या कसोटीत दोष सिद्ध झाला तरच घ्यावा.

थांब्याचा स्क्रू फिरवून व्होल्ट जुळविण्याचा मोह टाळावा. तो कारखान्यात हवेच्या प्रवाहानुसार बसविलेला असतो. तो फिरविल्याने मूल्य जुळते, पण मंद गतीचे नियमन बिघडते किंवा झडप भिंतीत अडकू लागते. चालत्या गाडीत झडप उघडी अडकणे हा जीवघेणा प्रसंग ठरू शकतो.

पुनःशिक्षण : इलेक्ट्रॉनीय थ्रॉटलमध्ये झडप मोटरने फिरते व सुरक्षिततेसाठी दोन स्वतंत्र संकेत असतात. काही रचनांत एक वाढताना दुसरा घटतो व दोहोंची बेरीज सुमारे ५ व्होल्ट राहते. दोन्ही संकेत परस्परांशी जुळले नाहीत, तर पी २१३५ हा संकेतांक नोंदला जाऊन एंजिनाची शक्ती मर्यादित केली जाते. हा दोष नसून संरक्षण असते; ते चुकविण्याचा प्रयत्न करू नये. नवी थ्रॉटल बॉडी बसविल्यावर, काही वेळा जुनी साफ केल्यावरही, बंद स्थितीचे मूल्य नियंत्रकास नव्याने शिकवावे लागते. ही कृती गाडीगणिक भिन्न असल्याने ती निर्मात्याच्या पुस्तिकेनुसारच करावी.

महत्त्व : चुकीच्या संकेताने इंधन मिश्रण अति समृद्ध होते, पेट्रोलचा अपव्यय होतो आणि जळावयाचे राहिलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात पेटून तो तापतो व निकामी होतो. परिवर्तकाची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते. मापकाने काही मिनिटांत होणारी तपासणी हा खर्च व हा धोका, दोन्ही टाळते. संवेदकाचे तंत्र बदलत गेले, तरी पुरवठा, भूसंयोजन, संकेत व यांत्रिक जोडणी या चार गोष्टी क्रमाने सिद्ध केल्याशिवाय कोणताही भाग दोषी ठरवू नये, हा नियम सर्व प्रकारांना सारखाच लागू पडतो.