थोरल्यांची भाऊबीज

दिवाळी जवळ आली, की घरोघरी फराळाचा सुवास दरवळू लागतो. अंगणात किल्ले उभे राहतात, आकाशकंदील लागतात. अशा वेळी ज्यांना आईवडिलांचे छत्र लाभलेले नाही, त्यांचाही सण गोड व्हावा, असे पुष्कळांना मनापासून वाटते. मग कोणी बालगृहात मिठाई पाठवतो, कोणी कपडे देतो, तर शाळाशाळांतून विद्यार्थी वर्गणी जमवून भेटवस्तू नेतात. हेतू उत्तम असतो. परंतु केवळ हेतू चांगला असला, म्हणजे दान चांगले झाले, असे नव्हे. काय द्यावे आणि कसे द्यावे, याचाही विचार करावा लागतो.

बालगृह म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चार-पाच वर्षांचे निरागस मूल उभे राहते. त्यामुळे बाहुल्या, रंगीत चेंडू, चित्रांची पुस्तके अशाच वस्तूंचा ढीग जमतो. वस्तुतः बालगृहात तेरा, पंधरा, सतरा वर्षांची मुलेमुलीही राहत असतात. वाटपाच्या दिवशी धाकटी मुले उड्या मारीत पुढे येतात आणि मोठी मागे उभी राहतात. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या हाती कापडी बाहुली पडते. ती नम्रपणे आभार मानते आणि पाहुण्यांची पाठ वळताच ती बाहुली धाकट्या मैत्रिणीला देऊन टाकते. देणाऱ्याला वाटते, भेट पोहोचली. त्या मुलीला मात्र कळून चुकते, की ही भेट निवडताना आपण कोणाच्या मनातही नव्हतो.

खरे पाहता, थोरल्या मुलांची गरज धाकट्यांहून कमी नसते. ती फक्त निराळी असते. त्यांचा अभ्यास वाढलेला असतो, परीक्षा जवळ आलेल्या असतात. शिवाय त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या व्यक्तीस बालक मानले जाते. त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत पश्चात्‌-काळजीची तरतूद त्या कायद्यात आहे; तरीही अठरावे वर्ष सरले, की बालगृहाचा उंबरठा ओलांडून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी करावी लागते. तुमच्या-आमच्या घरातील मुलगा अठरा वर्षांचा झाला, तरी त्याच्या पाठीशी घर असते. या मुलांना ती सोय नसते. म्हणून त्यांना दिलेली भेट आजच्या आनंदाबरोबर उद्याच्या वाटेलाही उपयोगी पडली, तर ती दुप्पट मोलाची ठरते.

दानाविषयीचा हा विवेक आपल्याकडे जुना आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना स्थळ, वेळ आणि घेणारी व्यक्ती या तिन्हींचा विचार केलेला आहे, आणि परतफेडीची अपेक्षा नसावी, असेही म्हटले आहे. घेणारा कोण आहे, हे न पाहता दिलेली वस्तू कितीही महाग असली, तरी व्यर्थ जाऊ शकते.

महाराष्ट्रात या विवेकाचे एक सुंदर उदाहरण आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. पुढे १९०० साली आश्रम पुण्याजवळच्या हिंगणे येथे गेला. तेथे विधवा स्त्रिया व मुली शिकू लागल्या. पुढे या संस्थेसाठी ‘भाऊबीज’ या नावाने निधी गोळा करण्याची प्रथा पडली. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते घरोघर जात आणि लोक यथाशक्ति रक्कम देत. या नावातच सारे मर्म आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तेव्हा तो तिच्यावर उपकार करीत नाही. तो तिचा मान असतो. ती रक्कमही खाऊसाठी नव्हती, तर शिक्षणासाठी होती. ज्यांचे बालपण सरले होते, त्यांना पुढे चालण्याचे बळ त्या ओवाळणीने दिले. ज्या कर्व्यांनी असे कार्य केले, त्यांना १९५८ साली भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

मग थोरल्या मुलांसाठी भेट कशी निवडावी? पहिली पायरी चौकशीची. बालगृहाच्या अधीक्षकांना आधी भेटून मोठी मुले किती, मुली किती, कोण कोणत्या इयत्तेत आहे, कशाची उणीव आहे, हे विचारावे. कपडे द्यायचे असतील, तर मापे विचारावीत. दुसरी पायरी वस्तूच्या निवडीची. चांगला शब्दकोश, कंपासपेटी, मजबूत दप्तर, मनगटी घड्याळ, बुद्धिबळाचा पट, शिवणकामाची किंवा सुतारकामाची हत्यारे अशा वस्तू या वयाला शोभतात. जेथे सर्वांचे सामान एकत्र असते, तेथे कुलूप लागेल अशी एक छोटी पेटीदेखील फार मोलाची वाटते. कारण तीत ठेवलेली वस्तू केवळ आपली असते. वस्तू नवी असावी. आपल्याला नकोशी झालेली मोडकी वस्तू दुसऱ्याला देणे म्हणजे दान नव्हे, ती केवळ घराची सफाई होय.

तिसरी पायरी समानतेची. एकाला घड्याळ आणि दुसऱ्याला पेन्सिल मिळाली, तर आनंदाऐवजी हेवा निर्माण होतो. समजा, सातवीच्या चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५० रुपये वाचवून २,००० रुपये जमवले आणि बालगृहात बारा थोरली मुले आहेत. सारी रक्कम मिठाईवर घातली, तर दोन दिवसांत ती संपेल. त्याऐवजी प्रत्येकाला ८० रुपयांचे पेन व वही दिली, तर ९६० रुपये खर्च होतील. उरलेल्या १,०४० रुपयांत सर्वांना वापरता येईल असा शब्दकोश आणि कॅरमच्या नव्या सोंगट्या आणता येतील. अशा रीतीने प्रत्येकाला स्वतःचे काही मिळते, सर्वांचेही काही होते, आणि कोणी रांगेच्या शेवटी रिकाम्या मनाने उभा राहत नाही.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे मान राखण्याची. भेट देताना लांबलचक भाषणे करू नयेत. मुलांना ओळीत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. बालगृहातील मुलांची ओळख पटेल असे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास वर उल्लेखिलेल्या कायद्याचीही मनाई आहे. आणि कायदा नसता, तरी विचार करावा: वर्गातील सोबत्यांनी आपल्या गरिबीचे चित्र पाहावे, असे तेरा वर्षांच्या कोणत्या मुलाला वाटेल? वस्तू अधीक्षकांच्या हाती सोपवावी आणि जमल्यास त्या मुलांबरोबर कॅरमचा एक डाव खेळावा. बरोबरीने खेळणाऱ्याला कोणी दाता म्हणत नाही. त्याला मित्र म्हणतात.

दिवाळीतल्या पणतीला लहानथोर कळत नाही. ती ज्या ओट्यावर ठेवावी, तो ओटा उजळते. आपली भेटही तशीच असावी. पुढच्या दिवाळीत वर्गणी जमेल, तेव्हा रांगेच्या शेवटी उभी असलेली ती चौदा वर्षांची मुलगी आधी आठवावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.