बोर्ड आउट होऊन आलेला जवान

रजेवर आलेला पोरगा रात्र रात्र झोपत नाही, ओसरीवर बसून राहतो, लग्नाच्या वरातीत सुतळी बॉम्ब फुटला की थरथरतो. धुळे-जळगावकडच्या खेड्यात याचं निदान दोन दिवसांत होतं. पारावरचे म्हणतात, "त्यानं डोकं फिरी गयं." घरातली म्हातारी म्हणते, "काही बाहेरनं शे." मग भगत, उतारा, अंगारा. रजा संपते, पोरगा घरीच असतो. पलटणीचं पत्र येतं तेव्हा त्यात 'आजारी' हा शब्द नसतो. 'गैरहजर' असतो.

'आधी घरी बरा करू, मग पाठवू' हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. विनापरवाना गैरहजेरी हा लष्करी कायद्यात गुन्हा आहे. ३० दिवस उलटले की चौकशी बसते आणि जवानाला फरारी ठरवण्याची वाट मोकळी होते. आजार खरा असला तरी तो लष्कराच्या कागदावर आलेला नसतो, म्हणून त्याचा उपयोग होत नाही. करायचं ते सोपं आहे. युनिटला लेखी कळवायचं, सरकारी डॉक्टरचा कागद जोडायचा आणि पोराला लष्करी रुग्णालयात न्यायचं. खानदेशाला देवळाली जवळ आहे.

लष्करी शिक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे बोरविहीरचं नाव येतंच. धुळे तालुक्यातल्या या गावचे चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ रोजी ताबारेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती लागले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी परत आले. ते पकडले गेल्याची बातमी ऐकून त्यांच्या आजीने प्राण सोडला होता. पुढे कोर्ट मार्शल झालं, शिक्षाही झाली. ती शिस्तीची वाट होती. आजाराची वाट वेगळी असते, आणि लोक या दोन वाटा एकच समजतात. खटला चालू असताना आरोपीचं मन ठिकाणावर नाही असं दिसलं तर काय करायचं, हे १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम १४५ मध्ये लिहून ठेवलेलं आहे. मनाचा आजार हा त्या कायद्यात गुन्हा नाही.

'मानसोपचाराच्या वॉर्डात गेला म्हणजे नोकरी गेली' हेही खरं नाही. जवानाची तब्येत लष्कर 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतं: मन, कान, हातपाय, एकूण शरीरक्षमता आणि डोळे. पहिलं अक्षर मनाचं आहे, हे पुष्कळ माजी सैनिकांच्याही ध्यानात नसतं. प्रत्येक अक्षराला एक ते पाच अशी श्रेणी. मनाची श्रेणी घसरली की जवान आधी 'लो मेडिकल' होतो, काही काळ हत्यार आणि रात्रपाळी बंद होते, ठरल्या मुदतीने पुन्हा तपासणी होते. सुधारला तर श्रेणी परत वर जाते. अगदीच नाही जमलं तर वैद्यकीय बोर्ड बसतं आणि जवान 'बोर्ड आउट' होतो, म्हणजे आजारामुळे सेवेतून सुटतो.

खरी लढाई इथून पुढे. 'बोर्ड आउट झाला म्हणजे अपंगत्वाची पेन्शन मिळणारच' असं एक घर समजतं, 'डोक्याच्या आजाराला पेन्शन नसतेच' असं दुसरं. दोन्ही चूक. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं, आणि ते निदान २० टक्के आहे, या दोन गोष्टींवर नियम उभा आहे. बोर्डाच्या कागदावर 'सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही' असा शेरा पडला की दावा अडतो. मनाच्या आजारापुढे हा शेरा सहज पडतो, कारण गोळीची जखम दिसते आणि बंकरमधल्या रात्री दिसत नाहीत.

या शेऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चाप लावला. धरमवीर सिंग १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. फिट येऊ लागल्याने १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के, पण आजार मूळचाच, सेवेशी संबंध नाही, असं बोर्डाचं मत. न्यायालयाने विचारलं ते कोणत्याही आईने विचारलं असतं: मूळचा होता, तर भरतीच्या वेळी लिहिला का नाही? भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान शरीराने आणि मनाने धडधाकट होता असं धरायचं. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, संशयाचा फायदा जवानाला. निकालात 'मनाने' हा शब्द आहे, तो वकिलाला दाखवा.

टक्क्यांचाही एक घोळ आहे. ५० च्या आतलं अपंगत्व पेन्शनसाठी ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, त्याच्या पुढे १००, अशी पद्धत १९९६ पासून लागू झाली. नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, हे २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरलं. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, ते जास्त कडक आहेत. त्यामुळे शेजारच्या गावातल्या हवालदाराला मिळालं म्हणजे आपल्यालाही तेवढंच मिळेल, असा हिशोब करू नये. सेवेतून सुटल्याची तारीख आधी बघावी.

रजेवर असताना झालेला मोटारसायकलचा अपघात 'सेवेमुळे' या शब्दात धरतातच असं नाही. सेवेशी काही धागा दाखवावा लागतो.

'सरकारी नोकरीत अपंग झालेल्याला काढता येत नाही, मग जवानाला कसं काढलं?' हा प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते संरक्षण आहे, पण लढाऊ जवानांना सरकारने ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने त्यातून वगळलं. रायफल न पेलणाऱ्याला सीमेवर ठेवता येत नाही हे मान्य. पण भांडारात, कचेरीत, प्रशिक्षण केंद्रात माणसं लागतातच. सरसकट वगळणं मला पटत नाही. अग्निवीराला तर पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या ५०, ७५ किंवा १०० टक्के अपंगत्वाला १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी सानुग्रह, आणि उरलेल्या मुदतीचा पगार.

शरीराच्या जखमेला आपल्याकडे मान आहे. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीला कमरेखाली लुळे झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मनाने जखमी झालेल्याच्या वाट्याला मात्र 'भित्रा' हा शब्द येतो. हा शब्द काय करू शकतो ते ब्रिटिशांना विचारा. पहिल्या महायुद्धात पळून गेले, भ्याले म्हणून त्यांनी स्वतःचेच ३०६ जवान गोळ्या घालून मारले. त्यांतले कित्येक तोफांच्या माऱ्याने मनाने खचलेले होते, हे पुढे कळलं. माफी मिळाली २००६ मध्ये.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे. जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. भगताकडे जायचंच असेल तर जा, पण आधी हा फोन करा.

पेन्शनचा दावा नाकारला तर सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अर्जाला हात लावायला धुळ्यात आणि जळगावात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, पैसा मात्र मरतो: १९८३ मध्ये बोर्ड आउट झालेले तरसेम सिंग १९९९ मध्ये कोर्टात गेले, तेव्हा त्यांची थकबाकी तीनच वर्षांची धरली गेली. तेव्हा आजच घरातली काळी ट्रंक उघडा, बोर्डाची प्रत काढा आणि टक्क्यांच्या शेजारी कोणता शेरा लिहिलाय तो वाचा. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला मागणीचं पत्र लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती त्याच ट्रंकेत ठेवा.