वीज गेली तरी रोजनिशी राहते

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या. ज्यांवर विंडोज 11 चढत नाही असे कितीतरी संगणक घरांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत अजून धडधाकट आहेत. त्यांच्यावर अँटीएक्स किंवा लुबुंटूसारखे हलके लिनक्स टाकता येते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. पण अशा यंत्रावर रोजनिशी लिहिता येईल का, तीही मराठीत? आणि लिहिता लिहिता वीज गेली तर?

रोजनिशीच्या बाबतीत अहिल्यानगरची परंपरा मोठी आहे. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून कैदेत ठेवले गेले. नेहरूंची ही सर्वांत लांब कैद, 1,041 दिवसांची, आणि तिचा बहुतेक काळ याच किल्ल्यात गेला. त्यांनी इथे दैनंदिनी लिहिली, आणि 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हातावेगळे केले. मौलाना आझाद मित्राच्या नावे पत्रे लिहीत होते. तुरुंगातून ती धाडता येत नव्हती, पुढे त्यांचेच ‘गुबार-ए-खातिर’ झाले. हे सगळे साध्या कागदावर, साध्या शाईने लिहिलेले. म्हणूनच ते वाचायला कुणाच्या परवानगीची वा विशिष्ट यंत्राची गरज पडली नाही.

संगणकावर या कागदाची जागा साधी मजकूर-फाइल घेते. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. रोज तीनशे शब्द, म्हणजे सुमारे अठराशे चिन्हे धरली, तर 1,041 दिवसांची रोजनिशी साधारण साडेपाच मेगाबाइटची होते. मोबाइलवरच्या एक-दोन फोटोंएवढी! त्यासाठी कुणाच्या दूरच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी, असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

प्रोग्राम निवडतानाही हीच कसोटी लावावी. इलेक्ट्रॉन या तयार चौकटीवर बांधलेले अनेक देखणे नोंद-प्रोग्राम आपल्यासोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन येतात. दोन जीबी स्मृतीच्या यंत्राला तो भार पेलवत नाही. येन्द्रिक झाइप यांचे ‘रेडनोटबुक’ मात्र अशा यंत्रावरही सुखाने चालते. डावीकडे कॅलेंडर, उजवीकडे त्या दिवसाचे पान. दर महिन्याची एक मजकूर-फाइल बनते आणि ती कुठल्याही साध्या संपादकात उघडते. उद्या हा प्रोग्राम बंद पडला तरी नोंदी हाताशी राहतात. ‘झिम’ हा दुसरा चांगला पर्याय. त्यातले जर्नल हे जोडसाधन सुरू केले की दर दिवसाला वेगळे पान मिळते. डेबियन घराण्याच्या लिनक्सवर सिनॅप्टिक हे पॅकेजेस बसवण्याचे साधन उघडावे, नाव शोधावे, खूण करून ‘अप्लाय’ म्हणावे. लागणारी इतर पॅकेजेस ते स्वतःच आणते. सोबत ‘लोहित’ देवनागरी फॉन्टही घ्यावा. यंत्र 32 बिटचे असेल तर एक सावधगिरी: ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये तशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही.

आता विजेचा प्रश्न. गावात वीज जाते तेव्हा विचारून जात नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा आधीच गेलेली असते. डिस्कवर एखादी फाइल लिहिताना एकाच वेळी अनेक ठिकाणी बदल करावे लागतात: जागेचा हिशेब, फाइलचा आकार, तिचा पत्ता. अर्ध्यावर वीज गेली की या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. लिनक्सच्या ‘एक्स्ट2’ या जुन्या फाइल-रचनेत मग संगणक सुरू होताना सगळी डिस्क तपासावी लागे. स्टीफन ट्वीडी यांनी 1998 मध्ये यावर उपाय मांडला आणि नोव्हेंबर 2001 मध्ये ‘एक्स्ट3’ लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. व्यापारी आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत उतरवतो, तसे ते आहे. बदल आधी ‘जर्नल’ नावाच्या राखीव जागेत लिहायचे, तिथली नोंद पुरी झाली की मूळ जागी न्यायचे. वीज गेलीच, तर पुन्हा सुरू होताना फक्त ही कीर्द वाचायची. पुऱ्या नोंदी अमलात आणायच्या, अर्धवट सोडून द्यायच्या. आज सर्रास वापरात असलेले ‘एक्स्ट4’ हेच करते. म्हणजे रोजनिशी लिहिणाऱ्याच्या आधीच त्याची डिस्क स्वतःची रोजनिशी लिहीत असते! मात्र ती प्रामुख्याने रचना सांभाळते; न साठवलेला परिच्छेद तीही परत आणू शकत नाही. दर परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबावे.

राहिली मराठी. इथे एका अभियंत्याचे नाव घ्यायलाच हवे, कारण ते फार कमी वेळा घेतले जाते: मोहन तांबे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम करून 1988 मध्ये ते काम त्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये आणले. इनस्क्रिप्ट कळफलकामागे त्यांचीच बुद्धी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. आणि ‘क’ची कळ देवनागरीत जी, तीच बंगालीत आणि तेलुगूतही. अतिशय नेटकी मांडणी. लिनक्सच्या कळफलक-संचात ती मुळातच असते, त्यामुळे अगदी हलक्या यंत्रावरही वेगळे सॉफ्टवेअर न टाकता भारतीय मांडणी निवडली की देवनागरी उमटू लागते. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी महिनाभर ही सवय लावून पाहावी. वेग वाढू शकतो.

शेवटी, रोजनिशीची प्रत आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट रचनेचा असतो आणि त्यात अशी कीर्द नसते. म्हणून तो ओढून काढण्याआधी ‘अनमाउंट’ करायला विसरू नका.